दाढेतली शाबूत चांदी उगाच काढू नका

दाढेत भरलेल्या चांदीत जवळपास निम्मा पारा असतो, हे मोबाइलवर वाचून आमच्या सेलूत बरेच जण धास्तावले आहेत. माझ्या आईच्या दाढेतली चांदी जुनी आहे. काळवंडलीय, पण कडा घट्ट आहेत. एका दवाखान्यात तिला ‘विष आहे, सगळी काढा’ असं सांगितलं. खर्च ऐकून ती घरात ठेवलेलं सोयाबीन विकायला निघाली. अशी भीती घालणं मला अजिबात पटत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गर्भवती, स्तनदा माता, सहा वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे विकार असलेले, अशांना नवी चांदी शक्यतो भरू नये असं सांगितलं. पण शाबूत चांदी वैद्यकीय गरजेशिवाय काढू नये, हेही त्यातच आहे. कोरताना पाऱ्याची वाफ काही काळ वाढते आणि चांगला दातही कोरला जातो. युरोपीय संघाने २०२५ पासून घातलेली बंदीसुद्धा नव्याने भरण्यावर आहे.

कड तुटली, खाली कीड लागली, तर जरूर बदलावी. तेव्हा दाताभोवती रबरी पडदा लावणार का, पाणी मारत आणि वाफ ओढून घेत काढणार का, हे निःसंकोच विचारावं. शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दुसरं मत घेता येतं. मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने ही माहिती दंत विभागाच्या दारावर मराठीत लावावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)