शिमग्याच्या थट्टामस्करीबाबत सूचना

नमस्कार मंडळी,

होळीपासून रंगपंचमीपर्यंत आपल्या ग्रुपवर विनोद, विडंबनं, चावट उखाणे, टोपणनावं यांना पूर्ण मोकळीक आहे. कोकणात काळ्या कपड्यांतला, उंच टोपीचा संकासूर कमरेचे घुंगरू वाजवत येतो आणि समोर येईल त्याला सतावतो. भारुडातली सून तर थेट भवानीलाच नवस बोलते, सासरच्या माणसांचा काटा काढ म्हणून! देवादिकांशी अशी सलगी आपल्याकडे जुनीच आहे. त्यामुळे गणपती-मारुतीवरचा विनोद दिसला की लगेच तक्रार करू नका, ही मनापासून विनंती.

दुसऱ्याच्या धर्माची मुद्दाम विटंबना करणारं मात्र काहीही नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण आमच्या लेखी ते कारण दुय्यम आहे. ईदचा शीरखुर्मा आणि नाताळच्या करंज्या आपण याच मित्रांच्या घरी खातो. जात, रंग, आजारपण, मूलबाळ नसणं यांवरही विनोद नकोत. यंदा काही सभासदांच्या घरी दुःख झालं आहे. त्यांना थट्टेत ओढू नका. कुणी ‘पुरे’ म्हटलं की पोस्ट काढा, कारण विचारू नका.

आणि शक्यतो स्वतः रचलेलं टाका. फिरून फिरून आलेल्या फॉरवर्डपेक्षा आपल्याच माणसाचा मोडकातोडका उखाणा कितीतरी जास्त हसवतो. ज्यांना टाइप करणं जड जातं त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवावा.

– ॲडमिन मंडळ