मंत्री महोदया, अधिवेशनाला नागपुरात येताच आहात तर एकदा संध्याकाळी सहानंतर निरीक्षणगृहात या

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी विदर्भातल्या एका मुलांच्या निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या पोरांना केस चालू असताना ठेवतात तिथे, समुपदेशक आहे, कंत्राटी. गावाचं नाव लिहीत नाही, कारण बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे पोरांची ओळख कुठेच उघड करायची नाही आणि छोट्या जिल्ह्यात नुसतं गाव सांगितलं तरी कोणाचं पोरगं आत आहे ते लोकांना बरोबर कळतं. लिहायचं कारण एकच आहे. या पोरांना माणसाची सगळ्यात जास्त गरज रात्री असते, त्यातही थंडीच्या रात्री, आणि नेमकं तेव्हाच बिल्डिंगमध्ये त्यांच्याशी बोलणारं शिकलेलं माणूस कोणीच नसतं.

डिसेंबरात आमच्याकडे साडेपाचला सूर्य बुडतो. सातच्या आत जेवणं उरकतात, मग हजेरी, मग हॉलला कुलूप, आणि सकाळी उजाडायला पावणेसात. म्हणजे जवळजवळ बारा तास पंधरा-सोळा-सतरा वर्षांची पोरं एका हॉलमध्ये, ट्यूबलाईटखाली, हाताला काम नाही, डोक्यात केस, घर, तारीख, दोस्त, सगळं फिरतंय. उन्हाळ्यात निदान साडेसहा-सातपर्यंत ग्राऊंडवर क्रिकेट चालतं, दमून येतात आणि पडल्या पडल्या झोपतात. थंडीत ते होत नाही. माझी ड्युटी दहा ते सहा. मी बॅग उचलली की दोन-तीन पोरं दाराशी येतातच, "सर, उद्या येता ना?" आणि मी येतो म्हणून सांगून निघतो. त्यांच्यासाठी खरी रात्र तेव्हा सुरू होते.

नवीन आलेल्या पोराची पहिली रात्र कशी असते ते सांगतो. इकडे बरीच पोरं खर्रा (तंबाखू-सुपारी घोटलेला) खातात, बारा-तेराव्या वर्षापासून, काही नशेसाठी पंक्चरचं सोल्युशन हुंगणारी असतात, आणि आत आल्यावर ते सगळं एकदम बंद. डोकं दुखतं, अंगाला कंप सुटतो, चिडचिड इतकी की बाजूच्याचा पाय लागला तरी मारामारी. थंडीमुळे कापतंय की तलफेमुळे ते त्या पोरालाच कळत नसतं. रात्री एक-दीडला उठून बसतं, गार्डला म्हणतं, "दादा, झोप नाही येऊन राहिली." गार्ड माणूस चांगला आहे हो, पण त्याला कोणी ट्रेनिंग दिलेलं नाही, तो म्हणतो झोप बे चुपचाप. तो तरी काय करणार, पूर्ण बिल्डिंग त्याच्या एकट्यावर. सकाळी मी येतो तेव्हा मला रजिस्टरमध्ये "रात्री दोन मुलांत वाद" एवढी एक ओळ वाचायला मिळते, आणि तो वाद कशावरून झाला, कोण रडलं, कोण गप्प झालं हे कळायला मग पूर्ण दिवस जातो.

अजून एक, जे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. फुलबाह्यांचे स्वेटर आले की पोरांचे हात दिसत नाहीत. आमच्या काही पोरांना स्वतःला इजा करून घ्यायची सवय असते आणि उन्हाळ्यात हाफ शर्टात ते लगेच लक्षात येतं, थंडीत येत नाही, जवळ बसून बोललं, विश्वास बसला, की मग पोरगं स्वतःच बाही वर करतं. हे काम सीसीटीव्हीने होत नाही. आमच्याकडे कॅमेरे मंजूर झाले, बसले पण, त्याबद्दल तक्रार नाही. पण रात्री एक माणूस पाहिजे.

पोरं आत इतके दिवस का राहतात हेही थंडीशीच जोडलेलं आहे, त्यावर मंत्रालयात कधी बोलणं होतं का मला माहीत नाही. कायदा स्पष्ट आहे, कलम 12 प्रमाणे जामीन हा नियम आणि आत ठेवणं अपवाद, आणि सात दिवसांत अटी पूर्ण झाल्या नाहीत तर अटी बदलायला पोराला परत बाल न्याय मंडळापुढे आणायचं. पण दिवाळी झाली की आईबाप कामावर निघून गेलेले असतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी कापूस वेचायला, मराठवाड्यातले असतील तर ऊसतोडीला थेट पश्चिम महाराष्ट्रात. फोन लागत नाही, लागला तर मुकादम उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटल्याशिवाय सोडत नाही. मोबाईल चोरीच्या केसमधलं पोरगं, ज्याला आठ दिवसांत घरी जायला पाहिजे, ते घ्यायला कोणी आलं नाही म्हणून बसून राहतं. "आई कापसात गेली असन सर," असं ते आपल्याच मनाची समजूत काढत मला सांगतं. 2024 मध्ये पुण्याच्या पोर्शे प्रकरणात, गाडीने दोघांचा जीव घेणाऱ्या अल्पवयीन पोराला, काही तासांत जामीन झाला तेव्हा अख्खा महाराष्ट्र या कायद्यावर बोलत होता, वय कमी करा, कडक करा, सगळं बोलून झालं. ज्यांना न्यायलाच कोणी येत नाही त्या पोरांबद्दल तेव्हाही कोणी बोललं नाही.

आता पांघरुणाचं. कपडे आणि अंथरूण-पांघरूण हवामानानुसार द्यायचं हे नियमात आहे. आमच्याकडे खरेदीची फाईल दरवर्षी थंडी सुरू झाल्यावर हलते आणि ब्लँकेट येतात तेव्हा महाशिवरात्र जवळ आलेली असते. इथली थंडी साधी नाही, 2018 च्या डिसेंबरात नागपुरात पारा साडेतीन अंशावर आला होता. आणि प्रश्न नुसता थंडी वाजण्याचा नाहीये. सोलरचं गरम पाणी पहिल्या काही पोरांना पुरतं, मागचे अंघोळच टाळतात, मग खरूज येते आणि एकाला आली की हॉलभर होते. डॉक्टर सांगतात सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून खाली मलम लावायचं, आठवड्याने परत लावायचं, आणि अंगावरचे कपडे, चादरी, ब्लँकेट गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. बरोबर आहे. पण ब्लँकेट एकच असेल तर ते धुतल्यावर रात्री पोरानं पांघरायचं काय? थंडीतल्या उन्हात जाड ब्लँकेट एका दिवसात वाळत नाही. मग ओलसर ब्लँकेट घेतात नाहीतर दोघं एकात झोपतात आणि खरूज पुन्हा सुरू. रात्रभर खाजवणारं पोरगं सकाळी वर्गात कसं बसणार, त्याचं समुपदेशन मी काय करणार. दोन ब्लँकेटचा हा विषय आहे, त्याला मोठी योजना लागत नाही.

देणगीदार येतात, त्यांचे उपकारच आहेत. फक्त फोटो हवा असतो, पोरांना पाठमोरं उभं करून कसंतरी भागवतो. जॅकेट दिले तर हूडच्या नाड्या काढून मगच वाटावे लागतात, पोरानं स्वतःला इजा करू नये म्हणून. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत एका मुलामागे महिन्याला 3000 रुपये, म्हणजे दिवसाला शंभर, त्यात जेवण, कपडे, साबण, सगळं. थंडीत भूक दुप्पट लागते. सतरा वर्षांच्या पोराचं जेवण तुम्ही घरी बघितलं असेलच, जास्त सांगत नाही.

चांगलंही सांगितलं पाहिजे, कारण ते पण तितकंच खरं आहे. संक्रांत जवळ आली की आजूबाजूच्या गच्च्यांवरून "ओ काट" ओरडणं सुरू होतं आणि कटलेल्या पतंगी आमच्या ग्राऊंडवर पडतात. नायलॉन मांजा असला तर आधी आम्ही तो गोळा करतो, मग पतंग पोरांची. मागच्या थंडीत एक पोरगं आलं होतं, कोणाशी बोलायचं नाही, माझ्याशी तर नाहीच, विचारलं तरी जमिनीकडे बघत राहायचं. एका संध्याकाळी फाटलेली पतंग घेऊन बसलं, जेवणातली भाताची शितं बाजूला ठेवलेली, ती बोटानं चिरडून कागदाचा तुकडा चिकटवत होतं, इतक्या हळू हातानं की मी नुसता बाजूला जाऊन बसलो. चिकटवता चिकटवता आपणहून बोलायला लागलं. लहान भावाला पतंग तोच बनवून द्यायचा, भाऊ आता मामाकडे आहे, बापाने त्या दिवशी काय केलं, ते सगळं, ज्यासाठी मी कितीतरी सेशन घेतले होते आणि हाती काही लागलं नव्हतं. त्या दिवशी मी सहाला निघालो नाही, जेवणापर्यंत थांबलो. पण रोज थांबणं नियमात बसत नाही, थांबलो तर विचारणा होते, आणि मी नसलो की ते पोरगं ज्याच्याशी बोलेल असा दुसरा माणूस नाही.

म्हणून मागणी अशी आहे. प्रत्येक निरीक्षणगृहात दुपारी दोन ते रात्री दहा अशा पाळीचा एक समुपदेशक द्या आणि रात्रीसाठी ट्रेनिंग दिलेला गृहपिता, म्हणजे पोरांची काळजी घेणारा माणूस, द्या, गार्ड वेगळा, गृहपिता वेगळा. आहे त्याच माणसाला डबल ड्युटी लावून हे होणार नाही. दोन ब्लँकेट, दोन स्वेटर यांची खरेदी गणपतीच्या आत पूर्ण व्हावी असा एक आदेश आयुक्तालयातून काढा. आणि दिवाळी ते होळी या काळात कामावर गेलेल्या आईबापांना शोधून आणायला, त्यांचं एक दिवसाचं जाणं-येणं आणि बुडालेली मजुरी द्यायला जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे थोडा पैसा ठेवा. एका पोराला महिनाभर आत ठेवण्यापेक्षा ते स्वस्तच पडेल.

अधिवेशनासाठी तुम्ही नागपुरात असालच. दिवसा भेट ठेवली की रांगोळी, सत्कार, स्वागतगीत होतं आणि पोरं दुपारपासून इस्त्रीचे कपडे घालून बसतात. संध्याकाळी सहानंतर या, मीडिया नको, पोरांसोबत हॉलमध्ये खाली बसून जेवा. त्यांना विचारा रात्री काय काय होतं ते, सांगतील, आमच्यापेक्षा स्पष्ट सांगतील. याच अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत पदांची तरतूद झाली तर पुढच्या थंडीच्या आधी माणसं लागतील, कारण जाहिरात, मुलाखती, आदेश यात सहा-आठ महिने सहज जातात.

आपला विश्वासू,
एक समुपदेशक, विदर्भ