ओहोटी बघून ये

चोडण, गोवा

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

चारशे मिलिमीटरची लेन्स एकदाची घेतलीस, वाचून फार आनंद झाला. डिसेंबरात बगळे टिपायला येतो म्हणतोस, जरूर ये. पण रजेचा अर्ज टाकायच्या आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघ. सूर्य रोज साधारण त्याच वेळी उगवतो. ओहोटी मात्र रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते, आणि इथला बगळा ओहोटीच्या घड्याळावर जगतो. पहाटे पाणी उतरायला लागून सकाळी नऊ-दहापर्यंत उतरत राहील असे तीन-चार दिवस निवड. आमच्याकडचे मासे धरणारे तिथीवरूनच वेळ सांगतात, मीही त्यांनाच विचारतो.

तू सलीम अली पक्षी अभयारण्याबद्दल विचारलेस. ते आमच्या बेटाच्या पश्चिम टोकाला आहे, १९८८ साली जाहीर झालेले, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळे खारफुटीचे. तिथे होडीतून जाऊ. खारफुटीच्या मुळांशी दबा धरून बसलेला हिरवा बगळा बघायला तीच जागा. पण माझ्या मते बगळे खरे समजतात ते खाजणात, मानशीपाशी.

खाजण म्हणजे खाडीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून राखलेली. ही व्यवस्था हजार वर्षांहून जुनी. बांधात जिथे पाण्याचे दार असते ती मानस. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच तिची लाकडी दारे मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना बाहेर ढकलून वाट काढते. पावसाळ्यात आत खारे पाणी सोसणारे कोरगुट भात होते. कापणी झाली की तेच शेत मासे आणि कोळंबीचे होते, म्हणून डिसेंबर उत्तम. मासे धरण्याचा हक्क लिलावात जातो, आणि तो घेणारा मानशीकार ओहोटीला दारापाशी जाळे लावतो. जाळ्यातून निसटलेल्या माशांवर बगळ्यांचा हक्क, त्याला लिलाव लागत नाही.

तिथे एका जागी बसून राहिलास तर प्रत्येकाची रीत वेगळी दिसेल. राखी बगळा उभाच. लहान बगळा पिवळा पंजा चिखलात थरथरवून मासे उठवतो (पाय काळे आणि पंजे पिवळे, ही त्याची खूण). समुद्रबगळा, त्यातला गडद राखाडी, पांढऱ्या गळ्याचा, उथळ पाण्यात पंख उघडून धावतो. ढोकरी, तीही बगळ्याचीच एक जात, बांधावर मातीच्या रंगाची बसलेली असते, तू चार पावलांवर जाईस तरी दिसणार नाही. उडाली की एकदम सगळे पांढरे पंख. रातबगळे त्या वेळी झाडावर झोपायला परतत असतात. जांभळ्या बगळ्यासाठी मात्र करमळीच्या तळ्यावर जावे लागेल, त्याला गोड्या पाण्यातले दाट गवत आवडते.

चोच मारण्याचा क्षण तुला हवा आहे, मला ठाऊक आहे. बगळ्याच्या मानेतला सहावा मणका इतरांपेक्षा वेगळा असतो. त्यामुळे मान तिथे दुमडते आणि भाल्यासारखी सुटते. त्याहून नवल डोळ्याचे. पाण्यात प्रकाश वाकतो, म्हणून मासा दिसतो तिथे नसतो. १९८७ साली समुद्रबगळ्यावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत तो हा फरक भरून काढूनच चोच मारतो असे आढळले. मारण्याआधी तो डोके किंचित पुढे घेतो, मान ताणतो. तेवढी खूण ओळखायला शिक, बोट आपोआप वेळेवर दाबले जाईल. शटर १/२००० सेकंदावर ठेव. पांढरा बगळा काळ्या खारफुटीपुढे असेल तर कॅमेरा पार्श्वभूमीला भुलतो आणि पिसे नुसती पांढरी फटक होतात; एक्सपोजर एक स्टॉपने खाली आण, म्हणजे उजेड निम्मा कर.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. निव्वळ बगळ्याचे पोर्ट्रेट तुला ठाण्याच्या खाडीतही मिळेल. इथे आल्यावर चौकटीत मानस येऊ दे, बांध येऊ दे, जाळे ओढणारा माणूस येऊ दे. बांध फुटला आणि कोणी बुजवला नाही, की खारे पाणी शेतात मुक्काम करते, भात जाते, काही वर्षांत खारफुटी माजते. बगळ्याला पाय टेकतील इतकेच उथळ पाणी लागते, आणि ते उथळ पाणी इथे माणसाने राखलेले आहे. आमच्या आसपासची काही खाजणे अशी पडीक होताना मी बघतो आहे, जीव तुटतो. म्हणून असे फोटो राहायला हवेत असे मला फार वाटते.

घरट्यांचे फोटो काढायला पावसाळ्यात येऊ का, असेही विचारलेस. नको. माणूस झाडाखाली रेंगाळला की आईबाप उठतात, आणि कावळे-घारी तेवढ्याच संधीची वाट पाहत असतात. त्या महिन्यांत दुर्बिणीने लांबून बघावे, बस.

मांडवी एक्सप्रेसने ये आणि करमळीला उतर. स्टेशनच्या कडेलाच ते तळे आहे, पण तू पोचशील तेव्हा संध्याकाळ झालेली असेल, ते दुसऱ्या दिवशी. मी न्यायला येतो, रायबंदरहून फेरीबोटीने घरी. कपडे मातकट रंगाचे आण, बूट जुने. वहिनींनाही विचार, आईला त्या आल्या तर फार बरे वाटेल. तारखा लवकर कळव, म्हणजे मानशीकाराशी आणि होडीवाल्याशी बोलून ठेवतो.

तुझा,
विनय