आभाळ आले म्हणजे काय आले?

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. गच्चीवर कुरडया घातलेल्या असताना काकूंनी "आभाळ आलंय, वाळवणं उचला" अशी हाक दिली आणि "आजी, आभाळ कालही होतंच की!" म्हणून तुझा मुलगा हसत सुटला, हे वाचून मलाही हसू आले, मात्र चुकला तो नातू, आजी नव्हे. काकूंच्या तोंडचे आभाळ म्हणजे आकाश नव्हे, ढग.

शब्दाचे मूळ संस्कृतातील 'अभ्र', म्हणजे मेघ. प्राकृतात त्याचे 'अब्भ' झाले आणि 'हस्त'चा 'हत्थ' होऊन पुढे 'हात' झाला, त्याच चालीने जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबला, 'आभ' उरले. त्यापुढचा 'आळ' हा 'दुधाळ', 'ढगाळ' यांतलाच असावा, असे मला वाटते. गुजरातीत नुसते 'आभ' राहिले, पण अर्थ मात्र आकाश. ही सरमिसळ तशी जुनीच आहे, कारण अमरकोशात 'अभ्र' मेघाच्या नावांतही येते आणि आकाशाच्याही. ऐन पावसाळ्यात मान वर केली की ढगच दिसतात, तेव्हा झाकणाचेच नाव भांड्याला पडले तर नवल नाही. तरीही जुना अर्थ बोलण्यात तग धरून आहे: 'आभाळ भरून आलं', 'आभाळ निवळलं', आणि मुसळधार कोसळू लागला की 'आभाळ फाटलं'. यांतले भरणारे, निवळणारे, फाटणारे ते ढगच.

'मळभ' हा याचाच भाऊबंद: मल अधिक अभ्र, म्हणजे मळकट ढग. गंमत अशी की गोव्यात कोंकणीत 'मळब' म्हणजे सरळ आकाशच, मग ते कितीही निरभ्र आणि निळे असो. तिथे मळ गेला, नाव राहिले. आपल्याकडचे मळभ मात्र अजून मळभच आहे. आंब्याला मोहोर आला असताना ते दोन-चार दिवस रेंगाळले, तर तुडतुड्यांच्या किडीच्या धास्तीने बागायतदाराचा जीव टांगणीला लागतो, त्याला कोणी हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ढगाळ दिवसाला संस्कृतात तर चक्क 'दुर्दिन' म्हटले आहे, आणि वाळवणे घालणाऱ्या कोणत्याही बाईला ते पटेल.

मुलाला एवढे सांग, आणि काकूंना माझा नमस्कार सांग. कुरडया वाचल्या की भिजल्या, ते तू लिहिलेच नाहीस, आवर्जून कळव.

तुझा,
अनंत