तू फोनवर म्हणालास त्याबद्दल

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास की आई, मी आता चर्चमध्ये मिस्साला जात नाही, प्रार्थना पण बंद केलीय, एवढं मागून काय झालं? आणि मी काहीच बोलले नाही, तू जेवलास का विचारून विषय बदलला. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय. फोनवर मला रडू येतं आणि मग तूच मला समजावत बसतोस, ते नको.

पहिलं सांगते, मी रागावले नाहीये. तुला वाटलं असेल आईला धक्का बसला. अरे, तू जे बोललास ते मी पप्पा गेल्यापासून मनात म्हणतेय, मोठ्याने म्हणायची हिंमत फक्त तू केलीस.

पप्पा आयसीयूत गेले त्या संध्याकाळी मी नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, धरली हे तुला माहीत आहे. ते गेले तो सातवा दिवस होता हे मी तुला कधी सांगितलं नाही. दोन दिवस बाकी होते. घरी आले, पर्समधली रोझरीची माळ काढून ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर असा आपटला की हँडल निघालं. पुढे कितीतरी महिने तो उघडलाच नाही. मिस्साला जायचे, सवयीने उत्तरं द्यायचे, पण 'हे आमच्या स्वर्गातील बापा'मध्ये तुझी इच्छा पूर्ण होवो आलं की माझं तोंड बंद व्हायचं. सगळ्यांच्या आवाजात माझा नाही हे कुणाला कळणार.

त्याच दिवसांत एक बाई भेटायला आल्या आणि म्हणाल्या, पूर्ण विश्वासाने मागितलं असतं तर प्रभूने ऐकलं असतं. बाळा, तुला हे कुणी बोललं तर मुळीच मनाला लावून घेऊ नकोस. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथसेमनीच्या बागेत येशूने स्वतः तीनदा मागितलं की हा प्याला, म्हणजे समोर आलेलं मरण, माझ्यापासून दूर कर. घाम रक्तासारखा गळत होता, मित्र झोपले होते, आणि प्याला दूर झाला नाही. मग काय, त्याचा विश्वास कमी पडला? पुत्राने बापाकडे मागितलं आणि त्यालाही हवं ते मिळालं नाही, हे दर पवित्र आठवड्यात ऐकूनही मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

संत मोनिकाची गोष्ट तर मला चार जणांनी सांगितली. मुलाने ख्रिस्ती व्हावं म्हणून वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली आणि शेवटी 387 साली त्या मुलाचा, म्हणजे संत ऑगस्टिनचा, बाप्तिस्मा झाला, म्हणून धीर सोडू नका. मला ती गोष्ट ऐकवेना. तिचा मुलगा जिवंत होता रे, ती वाट बघू शकत होती, माझी वाट बघायची मुदत संपली होती. पण नंतर मी ऑगस्टिनने स्वतः लिहिलेलं वाचलं, त्यात एक रात्र आहे जी सहसा कुणी सांगत नाही. आफ्रिकेतल्या कार्थेजच्या बंदरात ती त्याला जाऊ देत नव्हती, तर त्याने खोटं सांगितलं की मित्राला निरोप द्यायला आलोय, आणि ती जवळच्या संत सिप्रियानच्या प्रार्थनास्थळात रात्रभर देवाला विनवत राहिली की याला जाऊ देऊ नको. सकाळी जहाज गेलेलं. तिची त्या रात्रीची प्रार्थना देवाने ऐकली नाही. ऑगस्टिन म्हणतो की ती नेहमी जे मागायची ते द्यायचं होतं म्हणून त्या रात्री मागितलेलं दिलं नाही, कारण त्याच प्रवासाने तो रोमला आणि पुढे मिलानला पोचला, जिथे त्याला बिशप आंब्रोज भेटले. पण हे त्याला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या सकाळी किनाऱ्यावर तिला काय कळलं असेल? काही नाही, समोर नुसता समुद्र. मी तिथे उभी आहे असं मला वाटतं, आणि तूही. पप्पांच्या जाण्यामागे काय चांगलं आहे हे मला दिसत नाही आणि दिसतंय असं मी तुला खोटं सांगणार नाही.

शेवटी मी फादरकडे पापकबुलीला, कन्फेशनला गेले आणि सांगितलं की फादर, मला देवाचा राग येतो. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, हे मला सांगितलंत तसंच त्याला सांगा, आणि घरी जाऊन बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचा. वाचलं. बाकीची तक्रारीची स्तोत्रं बहुतेक शेवटी कुठेतरी आभारावर येतात, 22वं पण येतं, ज्याची पहिली ओळ येशू क्रुसावर म्हणाला. हे येत नाही. रात्रंदिवस तुला हाका मारतो, तू तोंड का लपवतोस, असं म्हणत म्हणत अंधारावरच संपतं. आणि चर्चच्या रोजच्या प्रार्थनाविधीत दर शुक्रवारी झोपायच्या आधी हेच स्तोत्र असतं, जगभरचे फादर आणि सिस्टर ते म्हणतात. म्हणजे तू फोनवर जे बोललास त्यासाठी चर्चने आठवड्यातली एक रात्र राखून ठेवलीय. तुला वाटतं तू बाहेर पडलास, मला नाही तसं वाटत.

मार्था आठवते ना, लाजरची बहीण? भाऊ आजारी आहे असा निरोप पोचल्यावरही येशू दोन दिवस तिथेच थांबला, आणि आला तेव्हा ती पहिलं हेच म्हणाली की प्रभुजी, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. पुढे लाजर उठला, पप्पा उठले नाहीत, ते मला माहीत आहे. पण ते तोंडावर ऐकून येशू तिला एका शब्दाने रागावला नाही, आणि पुढे कबरेपाशी जाताना तो स्वतः रडला, एवढं मी धरून ठेवलंय.

तर मी एका दुपारी चर्चमध्ये कुणी नसताना पवित्र संस्कारासमोर, तिथे ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर, जाऊन बसले आणि बोलले, सगळं, अगदी भांडले म्हण. उत्तर आलं नाही. मनाला फार शांत वगैरे पण वाटलं नाही. पण घरी येऊन ड्रॉवर उघडला.

आणि मग एक लक्षात आलं जे मी लहानपणापासून शिकलेय आणि विसरले होते, की आपल्यात माणूस गेला म्हणून त्याच्यासाठी मागणं थांबत नाही. नोव्हेंबरभर आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, मिस्सा देतो, ते कशासाठी मग? मी पप्पा वाचावेत म्हणून मागत होते, ते झालं नाही, पण पप्पांसाठी मागायचं अजून शिल्लक आहे. म्हणून नोव्हेनाचा आठवा दिवस मी गेल्या रविवारी केला. एवढ्या महिन्यांनी अशी मधूनच धरलेली नोव्हेना चालते का ते मी फादरना विचारलं नाही, विचारणारही नाही.

नववा दिवस ठेवलाय. तू सुट्टीला येशील तेव्हा करू. तुझ्यावर जबरदस्ती नाही, काही म्हणायची इच्छा नसेल तर नुसता शेजारी बस. रोझरीत प्रार्थनेचा पहिला अर्धा 'नमो मरिये' मी म्हणायचे आणि पुढचा 'पवित्र मरिये' पप्पा म्हणायचे, आयुष्यभर तसंच होतं, त्यांना घाई असली तरी अर्धं त्यांचंच. आयसीयूत त्यांच्या तोंडात नळी होती तेव्हा दोन्ही मीच म्हटलं, आणि रविवारी पण. जमेल मला अजून एकदा.

तुझी,
आई