अकोल्याच्या स्क्रीनवाल्यास पत्र

नागपूर, वैशाख

प्रिय बंड्या,

अकोल्यात तू दुकानांतल्या जाहिरातींच्या स्क्रीनचं काम धरलंस हे ऐकून फार बरं वाटलं. प्रश्न तुझा एका ओळीचा, प्लेअरला (स्क्रीनवर कंटेंट चालवणाऱ्या डब्याला) स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पक्का नेटवर्क-पत्ता, द्यायचा का? फोनवर सांगितलं तर अर्धं डोक्यावरून जाईल, म्हणून लिहितो. तसंही या उन्हात कुलरसमोरून उठवत नाही.

आधी हे पाहा, त्या प्लेअरला शोधत कोण येणार आहे? स्क्रीन क्लाउडवरून स्वतःच कंटेंट ओढून घेत असेल, तर तिचा आतला पत्ता काय याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. डीएचसीपी, म्हणजे राउटरने आपोआप पत्ता वाटणं, तसंच राहू दे. पण ऑफिसातला कॉम्प्युटर प्लेअरकडे फाइल पाठवणार असेल, किंवा तू ब्राउझरमध्ये पत्ता टाकून त्याचं सेटिंग उघडणार असशील, तर पत्ता पक्का हवाच. उन्हाळ्यात लाइन जाते-येते, राउटर नव्याने सुरू होतो आणि कालचा १९२.१६८.१.२३ आज कुणाच्या तरी मोबाइलला गेलेला असतो.

आता, लोक काय करतात, प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन तोच २३ टाइप करतात आणि झालं म्हणतात. हे म्हणजे एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकणं. राउटरला रुमाल दिसत नाही बे! त्याच्या वहीत २३ रिकामाच आहे, तो दुसऱ्याला देणारच. मग दोघं एकाच पत्त्यावर भांडतात आणि स्क्रीन कधी सापडते, कधी नाही. म्हणून राउटरच्या पानावर डीएचसीपीची रेंज आधी पाहा. पत्त्याचा शेवटचा आकडा १०० ते २०० असेल, तर तू ५० घे. त्याहून चांगलं म्हणजे राउटरमध्येच प्लेअरच्या मॅक अॅड्रेसवर (यंत्राच्या हार्डवेअर नंबरवर) रिझर्व्हेशन कर, म्हणजे पत्ता त्याच्याच नावे राखून ठेव. फक्त केबलचा मॅक वेगळा, वायफायचा वेगळा, आणि अँड्रॉइड १० पासून वायफायवर साधारण बनावट मॅकच दिसतो. जमेल तिथे केबलच ओढ.

रिझर्व्हेशनचा माझा आग्रह काहून, ते इतवारीतल्या एका कापड दुकानावरून सांगतो. गुढीपाडव्याची ऑफर अक्षय तृतीया उलटली तरी स्क्रीनवर झळकून राहिली होती. मालक म्हणाले, टीव्ही तर झकास चालू आहे! तीच तर गोम. नेट तुटलं तरी प्लेअर साठवलेलं कंटेंट फिरवत राहतो. पडदा काळा झाला असता तर दुपारीच फोन आला असता. झालं असं की मधल्या काळात नेटवाल्याने राउटर बदलला. जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.१ होता, नव्याचा १९२.१६८.०.१. बाकी सगळी यंत्रं निमूटपणे नव्या रेंजमध्ये गेली. प्लेअरवर मात्र आधीच्या माणसाने हाताने पत्ता लिहिलेला, तो जुन्याच गेटवेला, म्हणजे राउटरच्या जुन्या पत्त्याला, हाका मारत बसला. ऑफिसातून तो दिसेना. शेवटी लॅपटॉपला १९२.१६८.१.१० देऊन केबल थेट प्लेअरमध्ये खुपसली, तेव्हा त्याचं पान उघडलं. ही युक्ती लक्षात ठेव.

हाताने भरायचंच झालं तर चार रकाने: पत्ता, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, गेटवे, डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर). अँड्रॉइड बॉक्स मास्कऐवजी प्रीफिक्स लेंग्थ विचारतो, तिथे २४ लिही. डीएनएसकडे कुणी लक्ष देत नाही आणि तिथेच घोळ होतो. गेटवेला पिंग (आहेस का, अशी चाचणीची हाक) जातं, सगळं ठीक वाटतं, पण सर्व्हरचं नाव सापडत नाही. वेळही नेटवरून सर्व्हरच्या नावानेच आणली जाते. प्लेअर म्हणून वापरतात त्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या चौथ्या मॉडेलपर्यंत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. लाइन जाऊन आली की त्याची वेळ मागे राहते, आणि सकाळचा तर्री-पोहा रात्री नऊला मेनूवर येतो. गेटवेचाच पत्ता डीएनएसला दिला तरी बहुधा चालतं. वर दुसरा म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेव.

प्लेअरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर स्टॅटिकच्या मागे लागू नको. डीएचसीपीकडून त्याला उत्तरच मिळालेलं नाही. आधी केबल आणि राउटर पाहा.

काम झालं की पत्ता, मॅक आणि गेटवे कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटव. साधा सेलोटेप लावू नको, आपल्याकडच्या मे महिन्यात तो गळून पडतो.

राउटरच्या डीएचसीपीच्या पानाचा फोटो पाठव, कोणता नंबर घ्यायचा ते सांगतो. पासवर्ड झाकून पाठव म्हणजे झालं. काकूंना नमस्कार.

तुझाच,
पिंट्या