कात्रणाची मागची बाजू

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकातील चित्रपट, नाटक आणि चित्रप्रदर्शनांची परीक्षणे मी नेमाने वाचतो. त्यांत ‘टाइम कॅप्सूल’ (पुढच्या पिढ्यांनी उघडावी म्हणून वस्तू भरून बंद केलेली कालकुपी) हा शब्द अलीकडे इतक्या सढळ हाताने वापरला जातो की त्याविषयी एकदा लिहावेच असे वाटले. जुन्या काळाची पार्श्वभूमी असलेला चित्रपट आला की तो टाइम कॅप्सूल, रंगमंचावर आजोबांची खोली उभी केली की तीही टाइम कॅप्सूल. जुनेपणा एवढ्याच गुणावर एखादी गोष्ट कालकुपी ठरणार असेल, तर माळ्यावरच्या प्रत्येक डब्याला तो मान द्यावा लागेल. (पुढे मी स्वतःच एका डब्याची बाजू घेणार आहे, पण ती निराळ्या कारणाने.)

न्यूयॉर्कच्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने वेस्टिंगहाउस कंपनीने २३ सप्टेंबर १९३८ रोजी तांब्याच्या मिश्रधातूची एक लांबट नळी ५० फूट खोल पुरली, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. कंपनीचे जी. एडवर्ड पेंड्रे तिला आधी ‘टाइम बॉम्ब’ म्हणणार होते. तो विचार बदलला हे बरेच झाले. नळीत गजराचे घड्याळ, टूथब्रश, सेफ्टी पिन, बायकांची टोपी, बियाणे, मायक्रोफिल्म आणि आइन्स्टाइन यांचे भावी पिढ्यांना लिहिलेले पत्र होते. ती उघडायची ६९३९ साली, आणि तोवर जागेचा विसर पडू नये म्हणून तिची माहिती देणारे पुस्तक ग्रंथालयांना आणि मठांनाही पाठवण्यात आले. म्हणजे मूळ कल्पनेत वस्तूंइतकेच महत्त्व झाकणाला होते, आणि ते कोणी व केव्हा काढायचे या अटीला. ही इच्छा फार जुनी आहे. मेसोपोटेमियाचे राजे देवळाच्या पायात लेख पुरून ठेवत आणि पुढच्या राजाला त्यात विनवत की, पडझडीनंतर देऊळ पुन्हा बांधताना हा लेख हाती लागला तर त्याला तेल लाव आणि पुन्हा जागच्या जागी ठेव.

पण आपल्याला कोणीतरी पाहणार आहे हे माहीत असले की माणूस केस विंचरून बसतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, मराठीत ‘नमस्कार’ही आहे, आणि याचा मला इतरांइतकाच अभिमान वाटतो, तरीही चित्रे निवडताना युद्ध, रोगराई आणि दारिद्र्य जाणूनबुजून बाजूला ठेवले गेले, हे विसरता येत नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यापाशी १९७३ साली सरकारने हजार वर्षांसाठी पुरलेल्या कालपत्राचे, म्हणजे देशाचा इतिहास सांगणाऱ्या कालकुपीचे, काय झाले, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. त्यातला इतिहास कोणाच्या सोयीने लिहिला आहे यावर वाद पेटला आणि सत्ताबदल होताच १९७७ मध्ये ते उकरून काढण्यात आले. अमेरिकेत टल्सा शहराने १९५७ साली एक कोरी करकरीत प्लिमथ मोटार काँक्रीटच्या तळघरात पुरली आणि २००७ साली पेट्रोल मिळेल न मिळेल म्हणून सोबत पेट्रोलही ठेवले. ५० वर्षांनी तळघर उघडले तेव्हा आत पाणी शिरलेले होते आणि मोटारीवर गंजाचे थर चढले होते. मला त्या पेट्रोलचे विशेष वाटते. मोटार आपण किती प्रगत आहोत हे सांगण्यासाठी ठेवली होती. पेट्रोल ठेवताना मात्र मनातली धास्ती नकळत आत गेली.

कलेत हे मर्म अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी ओळखले असावे. १९७४ साली स्टुडिओ हलवताना त्यांनी खोकी भरायला सुरुवात केली आणि १९८७ साली मृत्यू होईपर्यंत ती सवय सोडली नाही. टेबलाशेजारी एक खोके असे; पत्रे, निमंत्रणे, बिले, कात्रणे, जे हाती येईल ते त्यात पडे, खोके भरले की चिकटपट्टी लावून गोदामात जाई. अशा एकूण ६१० कालकुप्या आज पिट्सबर्गच्या त्यांच्या संग्रहालयात आहेत. एकीत तर ममी केलेले पाऊल निघाले. मोठ्या चित्रकाराने कचरा साठवला, असे म्हणून यावर हसता येईल. पण निवड करण्याचे नाकारणे हीच इथे निवड आहे, आणि म्हणूनच तिथले न भरलेले बिल मला आइन्स्टाइनच्या पत्राइतकेच मोलाचे वाटते.

आता तो डबा. माझे वडील महत्त्वाच्या बातम्यांची कात्रणे एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. त्यात जुलै १९६९ मधले, माणूस चंद्रावर उतरल्याचे कात्रण आहे. कात्री रेघेवरून सरळ चाललेली, घडीच्या जागी कागद तपकिरी होऊन विरलेला. ते हातात घेतले तेव्हा बातमीत मला ठाऊक नसलेले काहीच नव्हते. सहज उलटून पाहिले, तर मागे छोट्या जाहिराती होत्या. एकीत कोणाचे तरी मनगटी घड्याळ हरवले होते, ‘पट्टा तुटलेला, काच तडकलेली’, आणि ‘आणून देणाऱ्यास यो’ इथे कात्रीने वाक्य तोडले होते. तडकलेल्या काचेच्या घड्याळासाठी जाहिरातीचे पैसे मोजणारा तो माणूस मला चंद्रवीरांपेक्षा जवळचा वाटला. वडिलांनी चंद्र जपला. घड्याळ त्याच्या पाठीला चिकटून आले.

परीक्षकांनी हा शब्द वापरताना ही मागची बाजू ध्यानात घ्यावी, असे मला सुचवावेसे वाटते. जुना काळ आज नेपथ्यातून उभा केला, तर ती प्रतिकृती झाली, कितीही बिनचूक असो; तिथला प्रत्येक कंदील कोणीतरी विचारपूर्वक टांगलेला असतो. उलट त्या काळी भर रस्त्यात चित्रित झालेल्या एखाद्या सामान्य चित्रपटात नायिकेच्या मागून जाणारा, क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहून ओशाळणारा वाटसरू कोणी निवडलेला नसतो. तिथे हे रूपक शोभते. मोबाइलमधल्या छायाचित्रांना मात्र ते लावू नये, कारण त्या कुपीला झाकणच नाही. आपण ती रोज उघडतो आणि मनाजोगे नसेल ते पुसून टाकतो.

एक विनंती खास आपल्याला. जुने अंक संगणकावर आणताना बातमी तेवढी कापून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते; शोधायला ती सोयीची आहे हे मान्य. आपल्याकडे हे काम निघेल तेव्हा, निधनवार्ता, हवामान, हरवले-सापडले आणि चुकीची दुरुस्ती यांसकट, अख्खे पान जसेच्या तसे घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक